धुऱ्यावर पडलेला तारा

आयुष्यात मी नाना उद्योग केले. पोरांना गणित शिकवले, शेती करून पाहिली, वाचनालयाचे हिशेब लिहिले. पण आभाळातून एक दगड पाडण्याचे काम कधी माझ्याकडे येईल, असे काही मला वाटले नव्हते. ते आले गेल्या दिवाळीत, आणि आणले माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने.

हा नातू पुण्याचा. दिवाळीला तो आईबापांबरोबर मोटारीने पातूरला आला, तो जालना, सिंदखेडराजा या वाटेने; आणि वाकडी वाट करून त्याला लोणारचे सरोवर दाखवण्यात आले. घरात पाऊल टाकताच, पाया पडण्याच्याही आधी, त्याने मला विचारले, ‘‘आजोबा, तो दगड कुठे गेला?’’

‘‘कुठला दगड?’’

‘‘लोणारला पडला तो. एवढा मोठा खड्डा आहे, मग दगड कुठे आहे?’’

‘‘आधी हातपाय धुऊन ये,’’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. चाळीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला ही युक्ती चांगली अवगत असते.

रात्री फराळाच्या ताटल्या उचलल्यावर त्याने खिशातून एक मखमली थैली काढली आणि सतरंजीवर उपडी केली. आतून फासे पडले. पण आपल्या ओळखीचे नव्हेत. कुणाला चार बाजू, कुणाला आठ, कुणाला बारा आणि एकाला तर चांगल्या वीस!

‘‘ऐन लक्ष्मीपूजनाला घरात फासे?’’ आमच्या घरातून लगेच हरकत आली. ‘‘धर्मराजाचं काय झालं, ठाऊक आहे ना?’’

‘‘आजी, यात पैसे लावत नाहीत.’’

‘‘धर्मराजालाही आधी कुणीतरी असंच सांगितलं असेल.’’

पोराने मग आम्हा दोघांना शांतपणे तो खेळ समजावून सांगितला. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही. चारपाच जण बसायचे. त्यातला एक सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार सांगणार, ‘तुमच्यासमोर एक दार आहे. बंद आहे. आतून पाण्याचा आवाज येतो आहे. तू काय करतोस?’ आणि खेळणाऱ्याने आपल्या मनाला येईल ते करायचे. दार ढकलावे, हाका माराव्या, नाहीतर सरळ घरी निघून जावे. ते साधेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. बस्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी असला पहिला खेळ छापून विकायला काढला. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे तळघरे आणि अजगर म्हणा ना!

सापशिडीत आपल्याला कुणी काही विचारत नाही. फासा पडला की सापाच्या तोंडी जायचे किंवा शिडी चढायची. कीर्तनात बुवा सांगतात आणि आपण ऐकतो. हा खेळ मात्र घटकेघटकेला तुम्हाला विचारतो, ‘तू काय करतोस?’ आणि उत्तर मिळेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. हे मला नवलाचे वाटले.

आणखी एका गोष्टीने माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. सोंग घेताना बळ, चपळाई, बुद्धी असे एकेक गुण तीन साधे फासे टाकून ठरवतात. तीन फासे पडण्याच्या तऱ्हा २१६. त्यांत अठराची बेरीज फक्त एकाच तऱ्हेने होते. दहाची सत्तावीस तऱ्हांनी आणि अकराचीही सत्तावीसच. परमेश्वरानेही माणसे बहुधा याच रीतीने घडवली असावीत. एखादा अठराचा धनी. बाकी जिकडेतिकडे आम्हा दहा-अकरावाल्यांची गर्दी!

‘‘तर आजोबा,’’ नातू म्हणाला, ‘‘तुम्ही सूत्रधार व्हा. गोष्ट तुम्ही रचा. मला खेळायचंय. फक्त एक अट आहे. गोष्टीत उल्का पडली पाहिजे.’’

लोणार अजून त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. मी हो म्हटले. सगळ्या गोष्टी आपणच ठरवायच्या, असे काम मला कुणी दिले की मी नाही म्हणत नाही. माझा तो जुना दोष आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दोनशे पानी वही घेऊन बसलो. प्रथम त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे भाग होते. कारण जो दगड मी पाडणार, तो पडल्यावर कुठे असतो हे मला ठाऊक नको का?

लोणारच्या खड्ड्याची गंमत अशी, की तिथे गोष्ट रचण्याचे काम माझ्या कितीतरी आधी होऊन गेले आहे. पुराणकाराने तो खड्डा पाहिला आणि त्यात लवणासुर नावाचा दैत्य वसवला. त्याला मारायला विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या बहिणी त्या रूपावर भुलल्या आणि त्यांनीच भावाची लपायची जागा सांगून टाकली. मग पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून विष्णूने दैत्याचा वध केला. त्याचे रक्त म्हणजे हे खारे पाणी! लोणार गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ याच कथेचे. मला तर वाटते, तो पुराणकार फार चांगला सूत्रधार होता. पुढ्यात एक गोल खड्डा आणि खारे पाणी. एवढ्यावरून त्याने दैत्य, बहिणी, गुपित आणि झाकण, सगळे उभे केले.

इंग्रजांच्या आमदानीत, १८२३ साली, अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ पुष्कळ विद्वान त्याला ज्वालामुखीचे मुखच समजत. सगळा प्रदेश काळ्या बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांचा. तेव्हा तसे वाटण्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या पातूरच्या टेकडीतली लेणी ज्या खडकात कोरली आहेत, तोच हा खडक. शेवटी १९७०च्या सुमारास तळ्यात भोके पाडून खालचे नमुने काढले, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निकाल लागला. प्रचंड आघाताखालीच तयार होते अशी काच त्या खडकात सापडली. खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद, साधारण १५० मीटर खोल. वय मात्र एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे येते, तर दुसऱ्या पद्धतीने ५,७०,०००. घरातल्या म्हाताऱ्यांच्या जन्मतारखांसारखेच हे.

आणि दगड? तो नाही. एवढ्या वेगाने एवढा मोठा गोळा आदळला, की त्या उष्णतेत त्याची बहुतेक वाफच होऊन गेली. उरला तो अंश वितळलेल्या खडकात मिसळला. खड्डा राहिला, खड्डा करणारा गेला.

हे न समजल्यामुळे एका माणसाचे सारे आयुष्य खर्ची पडले. अमेरिकेतल्या ॲरिझोनात असाच एक खड्डा आहे, सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचा. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणींतल्या जाणकाराने १९०३ साली ठरवले, की हा खड्डा आभाळातून पडलेल्या लोखंडाचाच आहे. हे त्याचे म्हणणे अगदी खरे होते. पण तळाशी ते कोट्यवधी टन लोखंड अजून पडून आहे, हे दुसरे म्हणणे खोटे होते. पाव शतकाहून अधिक काळ तो खोदत राहिला, पैसा ओतत राहिला. १९२९ साली मोल्टन नावाच्या गणिती खगोलज्ञाने आकडेमोड करून दाखवले, की तिथे काढण्याजोगे काही उरलेले नाही. त्याच वर्षी बॅरिंजर वारला. खड्ड्याबद्दल जगाशी भांडून जो बरोबर ठरला, तो दगडापायी बुडाला. वहीत हे टिपून ठेवताना, का कोण जाणे, माझा हात जरा अडखळला.

पण लहान दगडांचे तसे नाही. आभाळात जळत जाते ती उल्का. तिचा जमिनीवर पोचलेला तुकडा तो अशनी. लहान अशनीचा वेग हवेतच मोडतो आणि तो साध्या दगडासारखा येऊन पडतो. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या परिसरात असे दगड पडले. मोठा आवाज झाला, लोक घराबाहेर आले, आणि शोधणाऱ्यांना शेतांतून तुकडे मिळाले. म्हणजे आमच्या विदर्भावर आभाळाची कृपा अजून आहे.

तेव्हा ठरले. माझा दगड काटोलसारखा, पेलण्याजोगा. पण जातीने लोखंडी. कारण पोरांना तलवार हवी असणार, आणि आभाळातल्या लोखंडाची तलवार ही काही थापेबाजी नव्हे. १६२१ साली जालंधरजवळच्या एका गावात असा लोखंडी गोळा पडला, तो जहांगीर बादशहाने मागवून घेतला. वजन १६० तोळे. कारागिराला हत्यार करायला सांगितले, तर हातोड्याखाली लोखंड टिकेना, फुटू लागले. मग तीन भाग हे विजेचे लोखंड आणि एक भाग साधे, असे मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. हे बादशहाने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्यातली सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

यातून मला एक छान कोडे मिळाले. आमच्या वऱ्हाडात काळा दगड कुठे नाही? हजार काळ्या दगडांतून आभाळातला ओळखायचा कसा? लोहचुंबक लावून भागणार नाही, कारण आमचा बेसॉल्टही चुंबकाला थोडा ओढ देतो, आणि लोहाराच्या भट्टीतली मळीही फसवते. खरा अशनी आकाराच्या मानाने फार जड लागतो, अंगावर जळल्याची पातळ काळी साल असते, आणि ओल्या मातीत अंगठे दाबावे तसे खळगे असतात. मी तिन्ही खुणा गोष्टीत तीन ठिकाणी पेरल्या. एक सुटली तर दुसरी सापडावी.

फसवी खूणही ठेवली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून आगीची रेघ सरकत गेलेली सगळ्या विदर्भाने पाहिली. लोक म्हणाले, उल्का. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात धातूचे भले मोठे कडे सापडले, तेव्हा कळले की ते अवकाशात सोडलेल्या अग्निबाणाचे अवशेष. आभाळातून पडते ते सगळेच ताऱ्याचे नसते; कधी माणसानेच वर फेकलेले खाली येते.

मग राहिली जागा. दगड कुठे पाडायचा? मी लिहिले: ‘दोन भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर.’ लिहिताना माझ्या मनात काही होते का, असे कुणी विचारले तर मी शपथेवर नाही म्हणेन. आणि ती शपथ फारशी खरी नसेल.

कारण आमच्या अंगणात एक भिंत आहे. पलीकडे माझा धाकटा भाऊ राहतो. नऊ वर्षांपूर्वी शेताची मोजणी झाली. धुरा माझ्याकडे सरकला आहे, असा माझा समज होता, म्हणून अर्ज मी केला. माणसे आली, मापे घेतली, खुणा रोवल्या, आणि धुऱ्यावरचा जुना कडुनिंब माझ्या बाजूला आला. मोजणी चुकली असे भाऊ त्या दिवशीही म्हणाला नाही. तो एवढेच म्हणाला, ‘‘अर्ज करण्याआधी मले विचारलं कायले नाही?’’ मी त्याला आकडे दाखवले. आकडे बरोबर होते. त्याच वर्षी अंगणात भिंत आली, आणि तेव्हापासून आमचे बोलणे नाही. पोरांना मात्र भिंतीचे काही नसते. त्याची नऊ वर्षांची नात, आमची छोटी, दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे करते.

पाडव्याच्या संध्याकाळी ओसरीवर खेळ मांडला. चार खेळाडू: पुण्याचा नातू, अकोल्याची नात, आमच्या भाडेकऱ्यांचा मुलगा आणि छोटी. पुणेकर बादशाही सरदार झाला. अकोलेकरीण वैदू झाली. तिला सगळ्यांना काढे पाजायचे होते. भाडेकऱ्यांचा मुलगा लोहार झाला. छोटी म्हणाली, ‘‘मी गुराखी. माझ्याकडे एक गाय आहे.’’

‘‘गाय काय करणार?’’ सरदारांनी विचारले.

‘‘दूध देणार,’’ छोटी म्हणाली. वादाला जागाच उरली नाही.

माझी तयारी जंगी होती. पातूरची लेणी डोळ्यांपुढे ठेवून मी एक गुहा रचली होती. तिच्यात राखणदार, तीन कोडी आणि एक खोटी वाट. दगडावर डोळा ठेवून असलेला एक राजा, एक मांत्रिक आणि एक लबाड सोनार. कोण कुठल्या रात्री काय करणार, याचे कोष्टक आखले होते. शेवटी काय होणार, तेही मी लिहून ठेवले होते: सरदाराला दगड मिळतो, लोहार तलवार करतो, मांत्रिक हरतो. दोन पाने भरून, सुवाच्य अक्षरात.

मी सुरुवात केली. ‘‘मध्यरात्र. आभाळ फाटल्यासारखा आवाज. रेणुकामातेच्या टेकडीवरून आगीचा लोळ गेला आणि दोन भावांच्या धुऱ्यावर पडला. तुम्ही धावत तिथे आलात. खड्ड्यातून वाफ निघते आहे. गुहेकडे जाणारी पावले चिखलात उमटली आहेत. तुम्ही काय करता?’’

मला वाटले, चौघे पावलांच्या मागे जाणार. छोटीने विचारले, ‘‘शेतात काय होतं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पेरलं काय होतं? आमच्या शेतात आत्ता तूर उभी आहे. ती जळली का?’’

मी वही चाळली. राजाच्या मुकुटातली रत्ने मोजून लिहिली होती. शेतात काय पेरले होते, ते लिहायचे राहून गेले होते. सगळे जग रचले आणि पीक विसरलो!

‘‘थोडी जळली,’’ मी म्हणालो.

मग सुरू झाले. जळालेल्या तुरीची भरपाई कोण देणार? दगड धाकट्याच्या बाजूला जास्त आहे की थोरल्याच्या? वैदूबाईंना भाजलेल्या माणसांची यादी हवी. लोहाराने दगड उचलून पाहिला, जड लागला, साल काळी, अंगठ्याचे खळगे. एका दमात तिन्ही खुणा सांगून त्याने माझे कोडे खलास केले. शाळेत वाचले होते म्हणे! गुहेकडे कुणी फिरकलेच नाही. माझा राखणदार आत बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. कोष्टक गेले, राजा गेला, आणि रात्री मी शेवटाची ती दोन पाने फाडून टाकली. पोरे काय करणार हे आधीच लिहून ठेवायचे असेल, तर त्यांना विचारायचे कशाला? एवढी साधी गोष्ट कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

तिसऱ्या संध्याकाळी वीज गेली. कंदील लावून आम्ही बसलो होतो. गोष्ट अशा जागी आली होती, की दोन्ही भाऊ दगड सोडत नव्हते आणि सरदार तलवारीसाठी घाई करत होते. तेवढ्यात अंगणात बॅटरीचा उजेड पडला. छोटीला न्यायला तिचे आजोबा आले होते. एरवी ते भिंतीपलीकडूनच हाक मारीत. त्या रात्री अंधार होता म्हणून आत आले.

‘‘चाल वो छोटे, जेवाले.’’

‘‘आबा, थांबा ना. माझी पाळी आहे.’’

तो ओसरीच्या पायरीवर टेकला. माझ्याकडे पाठ करून.

‘‘आता हे भांडण पाटलाकडे न्यायचं,’’ छोटीने जाहीर केले.

‘‘पाटील म्हणजे आजोबाच की,’’ पुणेकर म्हणाला. ‘‘बाकीची सगळी माणसं सूत्रधारच असतो.’’

‘‘नाही. पाटील माझे आबा.’’

क्षणभर कुणी बोलेना. कंदिलाची वात उगीचच फडफडली. नियमाप्रमाणे आता बोलायचे होते मी. मी कंदिलाकडे पाहत म्हणालो, ‘‘पाटलांच्या ओट्यावर दोन भाऊ आले आहेत. दगड धुऱ्यावर पडला आहे. थोरला म्हणतो माझा, धाकटा म्हणतो माझा. पाटील काय करतात?’’

नऊ वर्षांत त्याला उद्देशून मी बोललेले हे पहिले वाक्य. तेही पाटलाला, कंदिलाच्या तोंडाकडे पाहत.

बराच वेळ उत्तर आले नाही. मग पायरीवरून आवाज आला, ‘‘पाटील पहिले इचारते, की दगड पडला तवा वावरात कोनी मानूस होता काय?’’ शिकला-सवरलेला आहे तो; पण पाटलाचे सोंग घेताच अस्सल वऱ्हाडीत शिरला.

‘‘नव्हता,’’ मी म्हणालो.

‘‘ढोरं?’’

‘‘छोटीची गाय. ती बचावली.’’

‘‘बरं झालं. मंग दगडाचं मांगून पाहू. खड्डा केवढा हाय?’’

‘‘विहिरीएवढा.’’

‘‘पानी लागलं काय त्याले?’’

हे मी ठरवलेले नव्हते. तीन दिवस आम्ही सगळे त्या दगडाभोवती नाचत होतो. खड्ड्यात वाकून पाहायचे कुणाच्या मनात आले नव्हते. लोणारला जाऊन आलेल्या माणसांना तरी ते सुचायला हवे होते. तिथेही दगड नाही. पण खड्ड्यात पाणी आहे, काठाला गोड पाण्याची धार आहे, देवळे आहेत, वाऱ्या आहेत. जून २०२० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी ते सरोवर गुलाबी केले, तेव्हा सगळे जग तिकडे पाहू लागले. आणि त्याच वर्षी त्याची गणना रामसरच्या पाणथळ स्थळांत झाली. लोक जातात, राहतात, नमस्कार करतात ते खड्ड्याशी.

‘‘ते फाशाने ठरेल,’’ मी म्हणालो. छोटीने वीस बाजूंचा फासा दोन्ही हातांत खुळखुळवून टाकला. सतरा!

‘‘लागलं,’’ मी म्हणालो. ‘‘भरपूर लागलं.’’

‘‘मंग भांडन कायचं?’’ पाटील म्हणाले. ‘‘धुऱ्यावर हीर झाली म्हना. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. दगड कोनी बी नेवो.’’

‘‘पण दगडाची तलवार करायची आहे!’’ सरदार कळवळून म्हणाले.

तेव्हा मी जहांगीरच्या लोखंडाची हकीकत सांगितली. आभाळातले लोखंड एकटे टिकत नाही, हातोड्याखाली फुटते. त्यात घरचे साधे लोखंड मिसळावे लागते.

‘‘कुणाच्या घरचं?’’ लोहाराने विचारले.

‘‘दोघांच्या,’’ छोटी म्हणाली. ‘‘एकेक जुना फाळ.’’

मग पोरांनी आपसांत ठरवले, की त्या लोखंडाचे विहिरीवरचे चाक करायचे. सरदार फार हिरमुसले. म्हणून उरलेल्या तुकड्याची त्यांना एक सुरी मंजूर झाली. वैदूबाईंनी सगळ्यांना काढा पाजला आणि त्या रात्रीचा खेळ संपला.

‘‘म्हणजे आजोबा,’’ फासे थैलीत भरता भरता पुणेकर म्हणाला, ‘‘लोणारचा दगड सापडणारच नाही तर.’’

‘‘नाही रे. त्याची वाफ झाली.’’

‘‘ठीक आहे,’’ तो म्हणाला. त्याने जणू मला माफच केले.

भाऊ उठला. छोटीचा हात धरून अंगणात उतरला. भिंतीतल्या दाराशी थांबून त्याने तिला विचारले, ‘‘उद्या किती वाजता बसता तुम्ही?’’

‘‘ते सूत्रधाराला विचारा,’’ छोटी म्हणाली.

वीज अजून आली नव्हती. बॅटरीचा उजेड माझ्या पायांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. सहा वाजता, असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. तीन दिवस आम्ही सहालाच बसत होतो. ते मी मागे घेतले.

‘‘तुला केव्हा जमेल?’’ मी विचारले.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘सहा बरे आहेत, दादा.’’